मावणे आणि पेलणे : ग्रँड जंक्शन ते मोआब

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या पश्चिम सीमेलगत ग्रँड जंक्शन नावाचे नगर आहे. कोलोरॅडो आणि गनिसन या दोन नद्यांचा तेथे संगम होतो. 1921 सालापर्यंत यांपैकी थोरल्या नदीच्या वरच्या भागास 'ग्रँड रिव्हर' असे म्हणत. नदीचे नाव बदलले, परंतु नगराच्या नावात ते अद्याप टिकून आहे. तेथून नैऋत्येस, यूटा राज्यातील मोआब गावापर्यंत नदीकाठाने जाणारा मार्ग सुमारे 180 किलोमीटरांचा आहे. गेल्या ऑक्टोबर महिन्यात आम्ही आमच्या भाच्यासमवेत हा प्रवास त्याच्या लहान पिकअप गाडीतून केला. गाडीच्या हौद्यात चार फुगीर चाकांचे एक वाहन बांधून नेले होते. त्याची हकीकत सांगण्याजोगी आहे. कारण शेताभातात राबणाऱ्या आपल्या कुटुंबांसही ओझे वाहण्याचा प्रसंग नित्य येतो.

या चारचाकी वाहनास तिकडे एटीव्ही म्हणतात. त्यावर मोटारसायकलीप्रमाणे पाय टाकून बसावयाचे आणि हातांच्या दांडीने वळवावयाचे. 1970 साली जपानच्या होंडा कंपनीने अशा जातीचे पहिले तीनचाकी वाहन अमेरिकेत विकावयास आणले. ते वळणावर सहज कलंडे. पुढे अपघात फार होऊ लागले, तेव्हा 1988 साली सरकारशी झालेल्या करारान्वये नव्या तीनचाकींची विक्री तेथे थांबली आणि चार चाकांचेच वाहन रूढ झाले. गुरांच्या मागे फिरणे, कुंपणाची पाहणी करणे, चाऱ्याच्या शेतास पाणी देणे, अशी कामे तिकडचा शेतकरी त्यावर बसून करतो. मात्र दूरच्या ठिकाणी न्यावयाचे झाल्यास ते दुसऱ्या गाडीवर लादूनच न्यावे लागते.

आम्ही ते नेले ते भाच्याच्या शेजारी राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांसाठी. त्यांचे बालपण मोआबला गेले होते. 1952 साली मोआबच्या आग्नेयेस चार्ली स्टीन याला युरेनियमचा मोठा साठा सापडला आणि नशीब काढावयास निघालेल्या शेकडो लोकांची त्या खेड्यात रीघ लागली. त्या गर्दीत या गृहस्थांचे वडीलही होते. आता वय पंचाहत्तरीच्या पुढे गेलेले, शिवाय एका पायाने अधू. लहानपणी ज्या खडकाळ पठारावरून ते ला साल पर्वताची शिखरे पाहात, तेथवर एकदा जाऊन यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. चालणे तर शक्य नव्हते.

त्यांच्या मुलाने आपले मोठे वाहन देऊ केले. तो म्हणाला, हौद्यात मावेल की! भाच्याने लगेच होकार दिला नाही. त्याने पिकअपचे दार उघडून चौकटीवर चिकटवलेला एक कागद आम्हांस दाखविला. अमेरिकेत प्रत्येक गाडीवर असा कागद असतो. माणसे आणि सामान मिळून किती वजनाच्या पलीकडे जाऊ नये, हा आकडा त्यावर छापलेला असतो. या गाडीचा आकडा होता 520 किलो. भाच्याने अंगणातच बेरीज मांडली. आम्ही चौघे मिळून 300 किलो, ते मोठे वाहन 330 किलो. पाणी, पेट्रोल, चढविण्याच्या फळ्या हे सारे निराळेच.

"मामा," तो म्हणाला, "मावते ते सगळेच पेलते असे नाही. हौदा नाही म्हणत नाही, पण ब्रेक म्हणतात."

आणखी एक अडचण होती. हौद्याच्या दोन्ही अंगांस चाकांवरचे जे उंचवटे असतात, त्यांच्यामधील जागा जेमतेम 41 इंच. मोठ्या वाहनाची रुंदी 48 इंच. ते उंचवट्यांवर चढवूनच ठेवावे लागले असते. शिवाय हौदा पाच फूट लांब. पुढची चाके समोरच्या भिंतीस टेकविली तरी मागील चाकांचा सारा भार हौद्याबाहेर, उघड्या फाळक्यावर पडला असता. फाळका दोन तारांवर लोंबकळतो. खड्ड्यांनी भरलेल्या वाटेवर तास न् तास असे ओझे पेलण्यासाठी तो केलेला नसतो.

ज्यांनी बैलगाडी भरली आहे त्यांस याचे मर्म चटकन उमजेल. मागे भार अधिक झाला की गाडी उलार होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला पट्टा आवळतो. मोटारीला बैल नसले तरी न्याय तोच. मागे ओझे लोंबले की पुढची चाके हलकी होतात आणि वळविलेल्या दिशेस नीट वळत नाहीत. रात्री दिव्यांचा झोत रस्ता सोडून समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो. म्हणून जाणता गाडीवान जड पोती आधी आसाच्या आसपास रचतो.

शेवटी त्या गृहस्थांचेच एक जुने, लहान वाहन बाहेर काढण्यात आले. वजन 200 किलो, रुंदी 40 इंच, आणि त्याचा मागील आस हौद्याच्या आतच राही. तरीही चौघांसह बेरीज काठावर जात होती. तेव्हा भाचेसुनेने आपली छोटी मोटार काढली. वृद्ध गृहस्थ, पाण्याचे डबे आणि शिदोरी तिच्यासोबत गेली. पिकअपमध्ये आम्ही, भाचा, ते वाहन आणि फळ्या, एवढेच उरले. 520 पैकी दीडशे किलो मोकळे राहिले. ते तसेच मोकळे ठेवावयाचे, असे भाच्याने सांगितले. चढउताराच्या मुलखात शेवटच्या किलोपर्यंत गाडी भरणे शहाणपणाचे नव्हे.

वाहन चढविण्याच्या वेळी वृद्ध गृहस्थ स्वतः काठी टेकीत उभे राहिले. काही वर्षांपूर्वी ते एकटेच आपले वाहन चढवीत असता फळी फाळक्यावरून निसटली आणि वाहन त्यांच्या पायावर आले होते. पाय अधू झाला तो तेव्हाच. म्हणून त्यांचा पहिला दंडक हा की फळ्या साखळीने गाडीला जखडल्यावाचून कोणी चाक त्यांवर ठेवू नये. दुसरा दंडक, चढ कमीत कमी करावा. भाच्याने पिकअपची पाठ एका मातीच्या बांधाला लावली, तेव्हा फाळका आणि बांध जवळजवळ एका पातळीत आले. मग वर कोणीही न बसता आम्ही ते वाहन हळूहळू ढकलीत आत नेले. त्यास गिअरमध्ये घालून हातब्रेक ओढला, पेट्रोलची तोटी बंद केली आणि चार पट्ट्यांनी बांधले. पुढचे दोन पुढे ताणून, मागचे दोन मागे ताणून. वीस-पंचवीस किलोमीटर गेल्यावर थांबून पाहिले तो एक पट्टा सैल झालेला होता. धक्क्यांनी फुगीर टायर दबतात आणि ताण उतरतो. प्रथम आवळलेल्या गाठीवर विसंबून प्रवासभर निर्धास्त राहू नये, हे आम्ही तेथे शिकलो.

राजमार्ग सोडून आम्ही सिस्को नावाच्या उजाड गावावरून नदीकडे वळलो. ऑक्टोबरात नदीकाठचे कॉटनवुड वृक्ष हळदीसारखे पिवळे होतात. मागे तांबड्या दगडांचे कडे आणि मधून गढूळ पाण्याचा संथ प्रवाह. मोआबच्या अलीकडे सुमारे 48 किलोमीटरांवर ड्यूई पुलाचे अवशेष लागतात. 1916 साली बांधलेला हा झुलता पूल केवळ आठ फूट रुंद होता. सहा घोडे, तीन गाडे आणि 9,000 पौंड, म्हणजे सुमारे 4,000 किलो माल, एवढा भार पेलावा असा हिशेब करून तो उभारला होता. त्या मर्यादेत राहून त्याने कित्येक पिढ्यांना नदीपार नेले. पुढे शेजारी रुंद पूल झाला आणि यास विश्रांती मिळाली. 2000 साली त्याची डागडुजीही झाली. परंतु 2008 च्या एप्रिलमध्ये आगकाड्यांशी खेळणाऱ्या एका मुलाच्या हातून काठावर आग लागली आणि लाकडी पूल जळून गेला. आता दोन्ही तीरांवर खांब आहेत आणि मध्ये रित्या तारा. ओझ्याने जो मोडला नाही तो एका काडीने गेला, हे पाहून मन विषण्ण झाले.

पुढे फिशर टॉवर्स नावाचे गर्द तांबडे सुळके दिसले, त्यांच्या पाठीमागे ला साल पर्वतावर नुकतेच पडलेले हिम. मोआबला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या पूर्वेस सँड फ्लॅट्स नावाच्या पठारावर गेलो. सभोवार उघड्या वालुकाश्माचे घुमट. या गुळगुळीत खडकांवर नाल मारलेल्या घोड्यांचे पाय घसरत, म्हणून त्यांस 'स्लिकरॉक' नाव पडले असे सांगतात. आता त्यांवर रबराची चाके छान पकड घेतात.

खडकांच्या मधल्या मातीवर मात्र काळसर, खरखरीत पापुद्रा असतो. वाटेवर कोणी कोळसा सांडला असावा असे वाटते. परंतु तो पापुद्रा सजीव आहे. सूक्ष्म जीव, दगडफूल आणि शेवाळ मिळून मातीचे कण एकत्र धरून ठेवतात; त्यामुळे वाऱ्याने माती उडत नाही. एक चाक किंवा एक पाऊल त्यावरून गेले की तो मोडतो आणि पुन्हा जमण्यास कित्येक दशके लागतात. सरकारी पाटीवर आखल्या वाटेबाहेर न जाण्याची सूचना असते, तिचे कारण हे आहे. वाहन हलके असो वा जड, त्या मातीस कोणतेच चाक पेलत नाही.

वृद्ध गृहस्थांनी शिरस्त्राण चढविले आणि कच्च्या वाटेने अगदी बेताच्या वेगाने वाहन हाकले. भाचा पायी बरोबर चालला. एका उंचवट्यावर त्यांनी यंत्र बंद केले आणि पर्वताकडे तोंड करून बराच वेळ बसून राहिले. कोणी काही बोलले नाही.

आपल्या गावांतही आता पिकअप आणि 'छोटा हत्ती' दारोदार आले आहेत. हंगामात त्यांवर ऊस, विटा, जत्रेची माणसे, मोटारसायकली, सारे काही चढते आणि 'अजून मावेल' हा शब्द कानी पडतो. अशा वेळी भरणाऱ्याने क्षणभर थांबून वजनाची बेरीज करावी, भार आसाच्या पुढेमागे कसा पडतो हे पाहावे, दोर पुन्हा एकदा ओढून पाहावा. बेरजेत माणसेही धरावीत. जागा नसेल तर दुसरी खेप करावी. तिला तेल थोडे अधिक लागेल, परंतु घरी वाट पाहणाऱ्यांस त्याहून अधिक किंमत मोजावी लागणार नाही.