गंगापूरच्या पाण्यावर, उभ्याने

पन्नाशी ओलांडल्यावर नवा खेळ शिकते म्हटलं की घरचे आधी गुडघ्यांची चौकशी करतात. माझ्याकडेही ती झाली. पण भाचीने हवा भरायचा पॅडलबोर्ड घेतला होता आणि थंडीत एका सकाळी ती मला गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरवर घेऊनच गेली. त्यानंतर या खेळाचा नाद लागला तो लागलाच.

साहित्य मोजकं. साधारण साडेदहा फुटांचा बोर्ड, आपल्या उंचीपेक्षा वीतभर लांब वल्हं, लाइफ जॅकेट आणि पायाला बोर्डशी जोडणारी दोरी. पंप मारता मारता थंडीतही घाम फुटतो. दाब पंधरा पीएसआयच्या आसपास गेला की मघाचा लोळागोळा दाराच्या फळीसारखा टणक होतो. वल्ह्याच्या पात्याला किंचित बाक असतो. तो पुढच्या बाजूला झुकलेला हवा. नवखे बहुतेक उलटा धरतात.

आधी गुडघ्यांवर बसून थोडं वल्हवायचं. मग बोर्डच्या मधल्या मुठीच्या दोन्ही बाजूंना एकेक पाऊल ठेवत उठायचं. उठल्यावर पाय जे लटपटतात! त्या थरथरीने बोर्डभोवती बारीक लाटा उठत होत्या आणि मी त्यांच्याकडेच बघत बसले.

"मावशी, खाली बघू नकोस गं. समोर डोंगराकडे बघ."

पश्चिमेला ब्रह्मगिरी-अंजनेरीची रांग होती. तिच्यावर नजर ठेवली, गुडघे सैल सोडले आणि बोर्ड आपसूक शांत झाला. पडले नाही असं नाही. पण पडायचं ते बोर्डवर नाही, बाजूला पाण्यात, हे आधीच घोकून घेतलं होतं. वर यायचं तेही मधूनच : मूठ धरायची, पाय मारायचे आणि पोटावर सरकायचं.

दुसऱ्या दिवशी दंड दुखतील असं वाटलं होतं. दुखले ते तळवे आणि कंबर. उभं राहण्यासाठी पावलांतले बारीक स्नायू सतत काम करत असतात. वल्हंही हातांनी ओढायचं नसतं. पातं पुढे पूर्ण बुडवायचं आणि कमरेतून वळायचं. ते पावलांशी आलं की बाहेर काढायचं. हे जमलं की दम लागत नाही.

हळूहळू वारा ओळखता येऊ लागला. गुळगुळीत पाण्यावर दूर काळसर पट्टा सरकताना दिसला की समजावं, झुळूक येतेय. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो आणि धरणाच्या भिंतीकडे ढकलतो. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, येताना वाऱ्याबरोबर. वारा वाढलाच तर गुडघ्यांवर बसायचं.

नाशिकला वल्ह्याचं कौतुक नवं नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला गेला आणि एकेरी नौकानयनात तेरावा आला. टंचाईच्या गावातला हा मुलगा सैन्यात गेल्यावर वल्हवायला शिकला. त्याच्या खेळात पाठ पुढे करून, बसून जायचं असतं. आमच्यात उभ्याने, जिथे जायचं तिकडे तोंड करून. पदक वगैरे माझ्या वयाला नको. मला मिळालं ते एवढंच : जिन्यावर कठड्याला हात न लावता उतरते आणि तासभर फोनची आठवण होत नाही. मला ते पुष्कळ वाटतं.

तुम्हीही जरूर शिका, वयाचं कारण सांगू नका. मात्र नौकाविहाराला परवानगी असलेल्या जागेवरूनच उतरा, सकाळी लवकर जा आणि सोबतीला कुणीतरी न्या. पट्टीचे पोहणारे असलात तरी जॅकेट अंगावर हवंच. आणि येताना आपला कचरा आपल्या पिशवीतून परत आणा. नाशिककर पितात ते हेच पाणी.