ढोलीचा उंबरठा

हलशीचे भूवराह नृसिंहाचे देवालय आमच्या परिचयाचे. प्राचीन कदंबांची पलाशिका ती हीच. चैत्रात निपाणीहून बेळगाव-खानापूरमार्गे तेथे दर्शनास गेलो असता, पलीकडच्या रानात एका जुनाट वृक्षाच्या ढोलीत धनेशाची वीण आहे असे कळले, आणि आमचा छायाचित्रणाचा जुना छंद जागा झाला.

धनेशाची मादी विणीच्या काळात ढोलीत स्वतःला कोंडून घेते. तोंड लिंपून केवळ चोच बाहेर येईल एवढी फट उरते. नराने वड-उंबराची फळे आणून भरवावीत, यावरच तिचा व पिलांचा जीव. माणूस फार जवळ गेला तर नर फिरकत नाही आणि आतल्यांची उपासमार होते. म्हणून आम्ही दूर झाडोऱ्याआड बसलो. जवळ ४०० मिलिमीटरचे दूरवेधी भिंग होते, आणि त्यास जोडलेला दुपटीचा टेलिकन्व्हर्टर.

नर आला. भिंग घरघरत पुढे-मागे धावले, पण धनेश धूसरच राहिला. तीन खेपा हेच झाले. मनात आले, आणखी २० पावले पुढे सरकावे. सोबत भाचा होता. तो हळूच म्हणाला, "मामा, पुढे नको. आधी कारण शोधू या."

आम्ही ओशाळलो. त्याने टेलिकन्व्हर्टर काढला, तो फोकस चटकन जुळला; अर्थात भिंग निर्दोष होते. जोडणीचे धातूचे बिंदू मऊ कोरड्या फडक्याने पुसले. फरक पडला नाही. फोकसचा पल्ला ठरविणारी कळही योग्य जागी होती. मग हिशेब मांडला. दुपटीच्या टेलिकन्व्हर्टरने प्रकाश चौथाईवर येतो. आमचे एफ ५.६ चे भिंग एफ ११ चे झाले होते. आरशाच्या कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस बहुधा ५.६ पर्यंत, काहींचा मधल्या बिंदूवर ८ पर्यंत चालतो. १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर असता तर प्रकाश निम्माच घटता. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांपैकी पुष्कळांना एफ ११ देखील चालते. आम्ही मात्र यंत्राच्या शक्तीबाहेरचे मागून त्यालाच बोल लावीत होतो.

उपाय साधा निघाला. कॅमेरा तिवईवर घट्ट बसविला, मागच्या पडद्यावर चित्र मोठे करून ढोलीच्या कडेवर हाताने फोकस जुळविला आणि वाट पाहिली. नर येणार तो त्याच फटीपाशी! ऊन चढून हवा थरथरू लागण्यापूर्वी तो आला, आणि चोचीतून चोचीत जाणारे फळ स्पष्ट उमटले.

परतताना पुन्हा देवालयात गेलो. गाभाऱ्याच्या उंबरठ्याबाहेरून दर्शन घेण्याची सवय आम्हांला बाळपणापासूनची. त्या ढोलीलाही उंबरठा आहे, हे मात्र त्या सकाळी भाच्याने शिकविले.