शंकेचें मोल

नातवाला ज्या खेळाचें वेड त्याचें नांवही आजोबांना ठाऊक नसावें, हा प्रकार हल्लीं घरोघर दिसतो. आमचे घरीं तो जरा अधिकच झाला आहे. आमचा नातू तेरा वर्षांचा असून त्याचा खेळ म्हणजे 'कार्टिंग'. लोखंडी नळ्यांचा एक सांगाडा, त्याला चार बुटकीं चाकें, छप्पर नाहीं, दार नाहीं, स्प्रिंगा नाहींत. एका कुशीला इंजिन आणि मध्यें मूल बसलेलें, अशी ही गाडी. आमच्या सौ.नीं ती उभी असलेली प्रथम पाहिली तेव्हां "ही तर पाळण्याएवढी आहे!" असें म्हणून कौतुक केलें, आणि सुटलेली पाहिली तेव्हां डोळे मिटून रामरक्षा म्हणावयास प्रारंभ केला.

आम्हीं पस्तीस वर्षें मास्तरकी केली. संस्कृत शिकविलें, आणि गणिताचे शिक्षक रजेवर असले म्हणजे भूमितीही शिकविली. इंजिनाशीं आमचा संबंध एस. टी.च्या तिकिटापुरता. परंतु या खेळांत गेल्या वर्षीं जें घडलें त्यांत इंजिनापेक्षां आमचाच दोष अधिक निघाला, म्हणून तें वाचकांपुढें मांडावें असें वाटतें.

प्रथम या खेळाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. १९५६ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत आर्ट इंगेल्स नांवाच्या गृहस्थानें, गवत कापण्याच्या यंत्राचें एक शिल्लक राहिलेलें इंजिन घेऊन, पहिली कार्ट बनविली. हा गृहस्थ शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या कारखान्यांत कामाला होता. थोड्या खर्चांत शर्यतीची हौस भागावी, एवढाच त्यांत हेतु. पण जेथें चार माणसें एका रेघेवरून निघतात तेथें पांचव्याला युक्ति सुचतेच. सिलिंडरांतील वाटा कानशीनें किंचित् मोठ्या करणें, हेड घांसून आंतील दाब वाढविणें, पेट्रोलांत भलतेंच द्रव्य मिसळणें, असे नाना प्रकार निघाले. यावर उपाय म्हणून १९९७ सालीं ऑस्ट्रियांतील रोटॅक्स कारखान्यानें १२५ सी.सी.चें एक इंजिन काढलें. तें अधिकृत केंद्रांतच उघडावयाचें, तपासून झाल्यावर त्याला क्रमांकाचें सील लावावयाचें, व तो क्रमांक इंजिनाच्या ओळखपत्रांत नोंदवावयाचा, अशी त्याची पद्धति. आपल्या देशांतही या इंजिनांच्या राष्ट्रीय स्पर्धा झाल्या असून कोल्हापुरास त्यांच्या फेऱ्या भरल्या आहेत. आमची हकीकत मात्र तेथील नव्हे. आणि ती कोठली हें सांगण्याचें प्रयोजनही नाहीं.

गेल्या वर्षीं पावसाळा सरल्यावर एका मैदानावर हौशी मुलांच्या शर्यती होत्या. एक शनिवारीं, दुसरी रविवारीं. शनिवारीं आमचा नातू दुसरा आला. पहिला आला तो एका तालुक्याच्या गांवीं दुचाकींचें गॅरेज चालविणाऱ्या मिस्त्रींचा मुलगा. त्याची गाडी जुनी, इंजिन दुसऱ्याकडून विकत घेतलेलें, आणि हेल्मेट पुढील दोन वर्षें पुरावें अशा बेतानें घेतलेलें दिसत होतें.

निकाल लागतांच आमचे चिरंजीव आमच्याकडे आले. "नाना, सरळ रस्त्यावर तो मुलगा दोन गाड्यांचं अंतर टाकतो. इंजिनांत कांहीं केल्याशिवाय हें होणं नाहीं. तक्रार करायला अर्धाच तास आहे. काय करूं?"

चिरंजीव आमच्या सल्ल्यावांचून अडून राहिले असते असें नाहीं, पण त्यांनीं विचारलें आणि आम्हीं तत्काळ उत्तर दिलें, "शंका असेल तर तपासून घ्यावी. जो खरा आहे त्याला भय कसलें?" हें वाक्य आम्हीं शाळेंत इतक्या वेळां उच्चारलें होतें कीं तें जिभेवर तयारच होतें.

लेखी तक्रार झाली, अनामत भरली गेली. मग तपासणी सुरू झाली. आधीं मुलासकट गाडीचें वजन केलें. तें बरोबर भरलें. पेट्रोल पाहिलें, कार्ब्युरेटरचें जेट पाहिलें. नंतर सील तोडण्याची पाळी आली. तेथील नियमाप्रमाणें ज्याच्यावर आरोप त्याच्याच माणसानें इंजिन उघडावयाचें असतें. बापानें पाने घेतले आणि मुलानें आपल्या डब्याची ताटली पुढें धरली. निघेल तो नट तो तींत मोजून ठेवी. भोंवतीं वीस-पंचवीस माणसें जमलीं होतीं. कोणी कांहीं बोलत नव्हतें, पण सर्वांची दृष्टि त्या मुलाच्या चेहऱ्यावर होती, जणूं माप तेथेंच घ्यावयाचें होतें.

तपासनीस वयस्क व सावध होते. त्यांनीं प्लगच्या भोंकांतून कथलाची बारीक तार आंत घातली आणि इंजिन हातानें फिरविलें. पिस्टन वर येतो तेव्हां तो व हेड यांच्यामधील फटींत ती तार चेपली जाते. तिची जाडी मोजली म्हणजे फट किती तें कळतें. फट नियमाहून कमी असेल तर दाब चोरून वाढविला आहे असें समजावें. त्यांनीं तार मोजली, दुसऱ्या बाजूनें पुन्हां मोजली, सिलिंडरांतील वाटांना मापाचा पत्रा लावून पाहिला, आणि कागदावर सही करून म्हणाले, "सर्व मापें नियमांत आहेत."

आमच्या चिरंजीवांचा चेहरा पाहून त्यांनीं आणखी एक गोष्ट सांगितली. या गाडीचीं मागचीं दोन्हीं चाकें एकाच आंसाला घट्ट बसविलेलीं असतात. त्यामुळें वळणांत आंतील चाक क्षणभर जमिनीपासून सुटलें पाहिजे, नाहीं तर गाडी अडखळते. हा मुलगा तें चाक नेमकें उचलतो आणि योग्य क्षणीं टेंकवितो. "वेग त्यानें वळणांत कमावलेला असतो, साहेब. सरळ रस्त्यावर तो नुसता दिसतो."

येथें प्रकरण संपावयास हवें होतें. पण तोडलेलें सील पुन्हां लावून घेण्यासाठीं इंजिन दूरच्या शहरीं अधिकृत केंद्रांत न्यावें लागणार होतें. दुसरें इंजिन त्यांच्यापाशीं नव्हतें. नव्या गॅस्केटचा व सीलचा खर्च आमच्या अनामतींतून निघाला; रविवारची शर्यत मात्र त्या मुलानें कुंपणापाशीं उभें राहून पाहिली. त्या दिवशीं आमचा नातू पहिला आला.

परततांना त्यानें चषक गाडींत पायांपाशीं ठेवला होता. बऱ्याच वेळानें तो म्हणाला, "आजोबा, माझं इंजिन कां नाहीं उघडलं?"

"तुझ्याविरुद्ध कोणीं तक्रार केली नाहीं, म्हणून."

"म्हणजे तें चांगलं आहे असं ठरलं का?"

पस्तीस वर्षांच्या मास्तरकींत असा प्रश्न आम्हांस कोणा विद्यार्थ्यानें विचारल्याचें स्मरत नाहीं. आम्ही उत्तर देऊं शकलों नाहीं. चिरंजीवांनीं तें इंजिन एका कसबी माणसाकडून तयार करून घेतलें होतें. त्यानें आंत काय केलें हें तोच जाणे. सील शाबूत होतें खरें, पण सील त्या मिस्त्रींच्या इंजिनाचेंही शाबूतच होतें.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. पाठशाळेंत असतांना आम्ही याज्ञवल्क्यस्मृतीचा व्यवहाराध्याय शिकलों होतों. त्यांत दिव्यांचें प्रकरण आहे: तुला, अग्नि, उदक, विष व कोश अशीं पांच दिव्यें. तीं मोठ्या अभियोगांतच द्यावींत, आणि अभियोग करणारानें 'शीर्षक' पत्करलें असेल तर द्यावींत, असें तेथें सांगितलें आहे. शीर्षक म्हणजे आरोप सिद्ध न झाल्यास दंड आपल्या माथ्यावर घेणें. दिव्यांनीं सत्य कळतें असें आज कोणी म्हणणार नाहीं. पण दुसऱ्याला तुळेवर चढविणारानें स्वतः मोकळें राहूं नये, एवढें त्या स्मृतिकारांना कळलें होतें. वजनाच्या कांट्यावर उभी केलेली गाडी ही आजची तुला, आणि अनामत हें आजचें शीर्षक. पण आमच्या शीर्षकानें फेडलें काय? गॅस्केट आणि सील. त्या मुलाचा रविवार कोणत्या अनामतींतून भरून द्यावयाचा?

आणि मग एक जुनी गोष्ट आठवली, जी आम्हीं आजवर घरीं कोणाला सांगितलेली नाहीं. आमच्या वर्गांत एक मुलगा होता. संस्कृतांत त्याला नेहमीं पस्तीस-चाळीस गुण मिळत. एका सहामाहींत त्याला एकदम ८७ मिळाले. आम्हांस शंका आली. आम्हीं त्याला शिक्षकांच्या खोलींत एकट्यास बसवून दुसरी प्रश्नपत्रिका दिली आणि समोर खुर्ची टाकून बसलों. त्यानें ती मुकाट्यानें सोडविली. गुण झाले ८४. आम्हीं "शाबास!" म्हणून पाठ थोपटली आणि न्याय केला अशा समाधानानें घरीं गेलों. उन्हाळ्याच्या सुटींत त्याच्या एका आत्यानें त्याला रोज पहाटे बसवून रूपें घोकून घेतलीं होतीं, हें आम्हांस मागाहून कळलें. वेग वळणांत कमावलेला होता. आमच्या दृष्टीस तो सरळ रस्त्यावर पडला. त्या मुलानें पुढें वर्गांत कधीं हात वर केला नाहीं. आम्हीं तें पाहिलें होतें; त्याचें कारण मात्र स्वतःला विचारलें नव्हतें.

कोणी म्हणेल, मग काय तपासूंच नये? तसें आमचें म्हणणें नाहीं. १९७३ सालीं अमेरिकेंतील अ‍ॅक्रन शहरीं मुलांच्या बिनइंजिनाच्या, उतारावरून सोडावयाच्या गाड्यांची प्रसिद्ध शर्यत झाली. तींत पहिल्या आलेल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या गाडीच्या नाकांत विद्युच्चुंबक दडविलेला आढळला. सुटतांना पुढील लोखंडी फळी खालीं पडे व चुंबक गाडीला तिच्याबरोबर ओढून घेई. क्ष-किरणांनीं ही लबाडी उघड झाली आणि त्याचें बक्षीस गेलें. ही युक्ति करण्यांत घरांतील एका वडीलधाऱ्या माणसाचा हात होता. मोठ्यांच्या हांवेचा बट्टा मुलाच्या नांवाला लागतो. म्हणून तर तपासणी हवी.

पण ती कोणाची, हाच खरा प्रश्न. सर्वांची असेल तर ती तपासणी; एकट्याची असेल तर तो आरोप, मग हातांत कथलाची तार असो कीं प्रश्नपत्रिका असो. आणि आरोपाचा एक विलक्षण गुण असा कीं तो खोटा ठरला तरी परत घेतां येत नाहीं. सील पुन्हां लावतां येतें. पंचवीस माणसांनीं चेहऱ्याकडे रोखून पाहिलें होतें, तें पाहणें पुसतां येत नाहीं. जाणत्या संस्थांनीं हें ओळखलेलें दिसतें. रोटॅक्सच्या जागतिक स्पर्धेंत इंजिनें चिठ्ठ्या टाकून वांटतात. आणखी कांहीं ठिकाणीं असा नियम असतो कीं जिंकणाराचें इंजिन ठरलेल्या किंमतीस कोणाही स्पर्धकानें मागावें व त्यानें तें द्यावें. मग त्यावर चोरून खर्च करील कोण? या युक्त्यांत कोणावरही बोट दाखवावें लागत नाहीं.

पंधरा दिवसांनीं आम्ही, चिरंजीव व नातू असे तिघे त्या मिस्त्रींच्या गॅरेजवर गेलों. चिरंजीवांनीं "माझं चुकलं" असें स्वच्छ शब्दांत म्हटलें. मिस्त्रींनीं हात पुसून आम्हांस बसावयास स्टूल दिलें. म्हणाले, "गुरुजी, इंजिनाला कसली आलीय लाज? तें काय, रोज खोलायचंच. माझं म्हणाल तर मी विसरलों. पोराचं पोराला विचारा."

पोर मागें पंक्चर काढीत बसला होता. चिरंजीव त्याच्यापाशीं जाऊन उकिडवे बसले व तेंच शब्द पुन्हां बोलले. त्यानें मान हलविली. हो म्हणाला नाहीं, नाहींही म्हणाला नाहीं. मग आमच्या नातवाकडे वळून एवढेंच म्हणाला, "तिसऱ्या वळणाला तूं ब्रेक फार उशिरा सोडतोस. त्याच्यामुळं मागं पडतोस." आमच्या नातवानें तेथेंच धुळींत बोटानें तें वळण काढलें, आणि दोघे त्यावर वाकले.

घरीं आल्यावर आम्हीं शर्यतीच्या मंडळाला एक सविस्तर पत्र लिहिलें. त्यांत सुचविलें कीं अंतिम शर्यतीनंतर पहिल्या तिघांचीं इंजिनें, आणि चिठ्ठी टाकून निघेल तें चौथें, कोणाच्या तक्रारीची वाट न पाहतां तपासावींत. आणि सील लावणारा माणूस त्या दिवशीं मैदानावरच हजर असावा. मंडळानें हें मान्य केलें.

यंदा प्रथमच ती पद्धति अमलांत आली. आमचा नातू तिसरा आला, मिस्त्रींचा मुलगा पहिला. इंजिनें उघडलीं जात होतीं, तार चेपून मोजली जात होती. भोंवतीं गर्दी नव्हती. पाहावयास विशेष कांहीं नव्हतेंच. तीं तीन मुलें कुंपणापलीकडे एका कागदांत भेळ खात उभीं होतीं, आणि आपापल्या इंजिनाकडे त्यांतल्या एकाचेंही लक्ष नव्हतें.