करारातील कर्ता

व्यायामशाळेच्या करारात एक वाक्य होते : ‘मुदत संपताच सदस्यत्वाचे नूतनीकरण करण्यात येईल.’ कोणाकडून? कोणाच्या संमतीने? वाक्यात कर्ताच नव्हता. मुदतीनंतर मी तिकडे फिरकलोही नव्हतो. तरी पुढील वर्षाच्या शुल्कासाठी वसुली करणाऱ्याचे दूरध्वनी सुरू झाले. त्याच्या वाक्यांत कर्ता ठळक असे : ‘तुम्ही पैसे बुडवले!’ घरच्यांना तर घंटेचीच धास्ती बसली. (व्याकरणाचा प्रश्न असा दारात येऊन उभा राहील, असे वाटले नव्हते.) वाद न घालता मी व्यायामशाळेला पोच घेऊन पत्र दिले. त्यात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘अनुचित करार’ या संज्ञेकडे लक्ष वेधून विचारले : नूतनीकरण कोणी केले? माझी संमती कोठे आहे? दहा दिवसांनी उत्तर आले : ‘आपली थकबाकी रद्द करण्यात आली आहे.’ कर्ता याही वाक्यात नव्हता.