तबकडीवर नसलेलें नांव

गाण्याबजावण्याचें आमच्या घराला वावडें नाहीं. पेटी आहे, तबल्याची जोडी आहे, गणपतींत आरतीला हौसेनें झांजा वाजतात. परंतु धाकट्या भावाच्या मुलानें पदवी हातीं येतांच ‘मी ड्रम वाजविण्याचाच व्यवसाय करणार’ असें सांगितलें, तेव्हां सारें घर स्तब्ध झालें. ‘म्हणजे वरातींत बडवणार का रे?’ असें थोरल्या वहिनींनीं विचारलें. त्याची समजूत घालण्याचें काम, सारा जन्म शाळेंत घालविलेल्या माझ्यावर आलें.

तो वाद घालीत बसला नाहीं. ‘आराधना’ (1969) मधील ‘रूप तेरा मस्ताना’ हें गाणें त्यानें लावलें व विचारलें, “काका, ॲकॉर्डियन कोण वाजवतंय?” गायक, संगीतकार, पडद्यावरील नटनटी, सारीं नांवें मला पाठ. (आमच्या तरुणपणीं हें गाणें घरांत मोठ्यानें लावण्याची सोय नव्हती, तो भाग निराळा.) ह्या प्रश्नाला मात्र मी निरुत्तर झालों.

तें केरसी लॉर्ड यांचें. 1935 सालीं जन्मलेल्या ह्या पारशी गृहस्थांचे वडील कावस व बंधु बरजोर हे दोघेही मुंबईच्या सिनेसंगीतांतील नामांकित तालवादक. केरसीही तालवाद्यें वाजवीत. पण तेवढ्यावर थांबले नाहींत. ‘हम दोनों’ (1961) मधील सिगारेट-लायटरची किणकिणती धून त्यांनीं ग्लॉकेनस्पील ह्या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यावर वाजविली. पुढें ते अरेंजर झाले. संगीतकाराची चाल हातीं आली कीं कोठें व्हायोलिनें, कोठें नुसता ताल, कोठें क्षणभर शांतता, हें ठरवून वादकांना स्वरलिपींत लिहून द्यावयाचें, हें अरेंजरचें काम. त्या काळीं सारा ताफा एकाच वेळीं ध्वनिमुद्रित होई. एकाचा ठोका चुकला कीं सर्वांना पुनः आरंभापासून वाजवावें लागे. एवढें होऊन तबकडीवर नांवें गायकाचीं आणि संगीतकाराचीं.

मला खरा विचार पडला तो पुढील गोष्टीनें. 1973 मध्यें मोग सिंथेसायझर हें विजेवरचें वाद्य केरसींनींच मुंबईंत आणलें. आणि 1990 नंतर अशा यंत्रांच्या व नव्या ध्वनिमुद्रणाच्या रेट्यानें वादकांचे मोठमोठे ताफे मोडत गेले. केरसी 2016 सालीं वारले. ड्रमचा ठेका तर आतां संगणकावरही बसवितां येतो.

“मग तूं कशाच्या भरंवशावर जातोस?” मीं विचारलें.

“यंत्र आणणारे वादकच होते ना, काका? मीही दोन्ही शिकेन.”

मीं दोन वर्षांच्या खर्चाचा हिशेब मागितला. खोलीचें भाडें, जेवण, स्वरलिपीच्या शिकवणीची फी, सारें त्यानें वहींत आधींच मांडलेलें होतें. फक्त जमेची बाजू कोरी होती.

रात्रीं पंगतींत भावानें विचारलें, “पटलें का त्याला?”

“मलाच पटलें,” मी म्हणालों.

भाऊ अर्ध्या पानावरून उठला. अद्यापि तो माझ्याशीं मोकळेपणानें बोलत नाहीं. पुतण्याच्या खोलीचें दुसऱ्या महिन्याचें भाडें मीं कालच पाठविलें.