लेखनिक मिळतो, तास मिळत नाही

शेळगावातल्या मुलाला बारावीनंतर पुढे शिकायचं तर बहुतेक वेळा रस्त्यावर येऊन एसटी धरावी लागते, एका दिशेला बारामती आणि दुसऱ्या दिशेला इंदापूर. दिव्यांग प्रवाशाला एसटीच्या भाड्यात पंचाहत्तर टक्के सवलत आहे आणि ती मोलाची आहे. पण ती तिकिटावर आहे, गाडीच्या उंच पायरीवर नाही. पुढे कॉलेजातही हेच घडत राहतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखून ठेवल्या, वयाची अट पाच वर्षांनी सैल केली. म्हणजे प्रवेशाची सोय झाली. परीक्षेचीही झाली आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिक मिळतो, दर तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात. मात्र प्रवेश आणि परीक्षा यांच्या मधे जे कित्येक महिने जातात, रोज जे तास होतात, त्यांच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की खरं शिक्षण त्या मधल्या काळात होतं, आणि नेमका तोच काळ आपण मोकळा सोडला आहे.

असं का होतं, याचं कारण मला नोंदीत दिसतं. प्रवेशाची यादी लागते, लेखनिकाचा अर्ज फायलीला लागतो. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात दिव्यांगांसाठीच्या सोयींचा वेगळा प्रश्न आहे; रॅम्प, स्वच्छतागृह, दिशादर्शक फलक यांचे जिओटॅग केलेले फोटो जोडता येतात. शिकवण्याचा फोटो निघत नाही. समजा, गणिताचा तास चालू आहे. सर फळ्यावर लिहितात आणि म्हणतात, ‘हे इथून वजा केलं की खाली हे उरतं.’ डोळस मुलाला सगळं कळलं. अंध मुलीला त्या वाक्यातून काहीही मिळालं नाही. तेच ‘दुसऱ्या समीकरणातून पहिलं वजा केलं, उरलं दोन एक्स बरोबर दहा’ असं म्हटलं असतं तर तिलाही तास मिळाला असता. सर फळ्याकडे तोंड करून बोलत राहिले की ओठांवरून समजून घेणाऱ्या कर्णबधिर मुलाचा धागा तुटतो. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर नोट्स येतात, त्या बहुधा हस्ताक्षराचे फोटो असतात किंवा जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. अशा टाइप केलेल्या नोट्स पडद्यावर शुद्ध मराठी दिसतात, पण आतून ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात; स्क्रीन रीडर तीच वाचून दाखवतो. मराठी वाचणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो आणि तरीही मजकूर हाती लागत नाही, त्याचं कारण एवढंच. मग परीक्षेच्या दिवशी लेखनिक शेजारी बसतो, पण त्याला सांगायचं काय? जे वर्षभर हाती आलंच नाही, ते?

यावर पहिला आक्षेप संख्येचा असतो. वर्गात असा एखादाच विद्यार्थी, किंवा तोही नाही. त्याच्यासाठी एवढं का? 2011 च्या जनगणनेत देशात 2.21 टक्के लोक दिव्यांग नोंदले गेले. 2020-21 च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात सुमारे 4.14 कोटी विद्यार्थ्यांपैकी दिव्यांग होते 79,035, म्हणजे हजारात दोनसुद्धा नाहीत. जनगणनेत वयस्कर माणसंही येतात, म्हणून हे आकडे सरळ एकमेकांशी ताडता येणार नाहीत. पण तफावत एवढी मोठी आहे की ती केवळ वयानं भरून निघत नाही. मुलं वर्गात दिसत नाहीत कारण ती वाटेत गळतात, आणि ती दिसत नाहीत म्हणून वर्ग बदलत नाही. कमी संख्या हे या दुखण्याचं लक्षण आहे; तिलाच उपचार टाळण्याचं कारण करता येत नाही.

दुसरा आक्षेप प्राध्यापकांचा आहे आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. पदं रिकामी आहेत, तासिका तत्त्वावरचे शिक्षक तुटपुंज्या मानधनावर राबताहेत, त्यांच्यावर आणखी ओझं कशाला? खरं आहे. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. सांकेतिक भाषेचा दुभाषी, लिफ्ट, ब्रेल पुस्तकं हा खर्च शिक्षकाचा नाही आणि एकट्या गावाकडच्या कॉलेजचाही नाही. तो विद्यापीठानं आणि सरकारनं उचलायचा आहे. डिसेंबर 2022 मध्ये राज्यानं दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग सुरू केला, तो अशाच कामांसाठी हवा. फळ्यावरचं मोठ्यानं वाचणं, युनिकोडमध्ये टाइप करणं, नोट्स एक दिवस आधी पाठवणं यांना मात्र निधी लागत नाही. सवय लागते, आणि तिचा फायदा मागच्या बाकावरच्या सगळ्यांनाच होतो.

कुणी म्हणेल, नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहेच की, घरी बसून शिकावं. ज्याला ते हवं त्याला ते मिळालंच पाहिजे. पण वर्गापर्यंत चढता येत नाही म्हणून घर निवडणं ही निवड नव्हे. वर्गात सोबती भेटतात, शंका तिथल्या तिथे विचारता येते, वाद घालता येतो. दर्जा घसरेल, ही भीतीही वारंवार बोलून दाखवली जाते. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार खटल्यात वाजवी सोय हा समानतेचाच भाग मानला. ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं सांगितलं की केवळ अपंगत्वाच्या टक्केवारीवरून कुणाला अपात्र ठरवता येत नाही. तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल का, हे तपासावं लागतं. गुण वाढवून द्या असं इथे कुणी म्हणत नाही.

जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्याची कायद्यानं दिलेली पाच वर्षांची मुदत जून 2022 मध्ये संपली. राहिलेल्या लिफ्टसाठी निधी मागत राहावं, जोरानं मागावा. पण वेळापत्रक दरवर्षी नव्यानं बनतंच. प्रवेशाच्या अर्जावर अपंगत्वाचा रकाना असतो. तो वेळापत्रक लावणाऱ्याच्या टेबलावर पोहोचला, तर कुबड्या घेऊन येणाऱ्या मुलीच्या वर्गाचे सगळे तास तळमजल्यावर लावता येतात. त्याला फक्त खोल्यांची अदलाबदल लागते, आणि ती पहिल्या तासाच्या आधी करावी लागते.