आलेखातली सपाट रेघ

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला ई. कोलायचा ग्रोथ कर्व्ह काढायचा असे. शेकरवरच्या फ्लास्कमधून ठरावीक वेळाने नमुना घ्यायचा, कलरीमीटरवर ओडी, म्हणजे कल्चरचा गढूळपणा, बघायची, सेमीलॉग कागदावर ठिपका द्यायचा. आधी सपाट लॅग फेज, मग लॉग फेजचा सरळ चढ, पुन्हा सपाट स्टेशनरी फेज, शेवटी उतार. सगळ्यांचा जीव त्या चढावर. दर वीस मिनिटांनी दुप्पट होणारे जिवाणू कुणाला आवडणार नाहीत?

मला ओढ लागली ती सपाट रेघेची. एम.एस्सी.ला त्याच कल्चरच्या स्लाइड मायक्रोस्कोपखाली धरल्या आणि ती ओढ वाढली. लॅगमध्ये संख्या वाढत नाही, पण पेशी फुगत असते. विभाजनाआधी लागणारी एन्झाइम्स आणि रायबोसोम्स जमवत असते. लॉगमध्ये ती लांब, भरदार होते. माध्यम जितकं सकस तितकी पेशी मोठी आणि तिच्यात आरएनए जास्त, हे शेक्टर, मालो आणि केल्गार्ड यांनी कोपनहेगनला साल्मोनेलावर काम करून १९५८ साली दाखवलं. अन्न संपत आलं की तीच पेशी आखूड, गोलसर होते. रायबोसोम्स जोडीजोडीने बंद करून ठेवते, डीएनएभोवती डीपीएस प्रथिनाचं आवरण घालते. मग उष्णता आणि आम्ल सोसण्याची तिची ताकद वाढते. चढावरच्या पेशीत ती नसते.

पुढे क्षयाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. क्षयाचा जिवाणू दुप्पट व्हायलाच वीसेक तास घेतो. एलजे माध्यमावर वसाहती दिसायला कित्येक आठवडे जातात. तिथे सपाट रेघेचा प्रश्न माणसांच्या जिवाशी येऊन भिडला. पेनिसिलीन दिल्यावरही काही स्टॅफिलोकोकस जिवंत राहतात, हे जोसेफ बिगर यांनी १९४४ सालीच नोंदवलं होतं. ते विभाजन थांबवून बसलेले असतात, असं त्यांनी सुचवलं. क्षयातही तसंच आहे. आयसोनियाझिड हे औषध वाढणाऱ्या जिवाणूंना झपाट्याने मारतं. मंदावलेल्यांसाठी रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि भरपूर वेळ लागतो. नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो तो म्हणूनच.

पहिल्या काही आठवड्यांत खोकला कमी होतो, भूक लागते, अंगावर मांस चढतं. वाढणारे जिवाणू मेलेले असतात, थांबलेले अजून आत असतात. तुमच्या घरात, शेजारात कुणी या टप्प्यावर गोळ्या सोडायला निघालं असेल, तर त्यांना हे समजावून सांगा आणि कोर्स पुरा करायला लावा.